विरारच्या पलीकडचा परदेश

नाताळ जवळ आला की आमच्या धर्मग्रामात दोन याद्या तयार होऊ लागतात. पहिली घराघरांत होते : कोण मुलाकडे कॅनडाला जाणार, कोण लेकीकडे दुबईला. दुसरी चर्चच्या फलकावर लागते : डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर ‘नाताळ भेट’ घेऊन जाणाऱ्या बसची. पहिल्या यादीशी आमचे भांडण नाही. नातवंडांची ओढ परमेश्वरानेच माणसाला दिली आहे. भांडण आहे ते दुसऱ्या यादीशी. आणि ते आधी स्वतःशीच आहे, कारण अशा बसच्या पुढच्या आसनावर आम्हीच अनेक वर्षे बसून गेलो आहोत.

गेल्या आगमनकाळाच्या तोंडावर एक ज्येष्ठ दाम्पत्य आमच्याकडे आले. दोघेही निवृत्त शिक्षक. परदेशातील मुलाने तिकिटे काढण्याची तयारी दाखवली होती. या दोघांचा बेत मात्र वेगळा होता. तलासरी तालुक्यातील एका वसतिगृहात डिसेंबर-जानेवारी असे दोन महिने राहून मुलांना शिकवायचे, असे त्यांनी ठरवले होते. “फादर, आम्हांला बसमध्ये जागा नको, तिथे राहायला खोली मिळेल का ते बघा,” मास्तर म्हणाले. त्यावर आमच्या तोंडून निघालेल्या पहिल्या शब्दांची आज लाज वाटते. आम्ही म्हणालो, “या वयात?”

बातमी गावभर झाली. मुलाशी बिनसले असणार, असा तर्क कोणी केला. हे काम फादर-सिस्टरांचे, प्रापंचिकांनी आपला संसार पाहावा, असा उपदेश कोणी केला. आणि एका सद्गृहस्थाने तर आम्हांलाच बजावले, “फादर, म्हातारी माणसे आजारी पडली तर जबाबदारी तुमची.” या तिन्ही बोलांना उत्तर देणे आम्हांला आवश्यक वाटते.

आपल्या मनात मिशनरी म्हटला की पांढरा झगा घातलेला, दाढीवाला, सातासमुद्रापलीकडून आलेला फादर उभा राहतो. पण पवित्र शास्त्र उघडून पाहावे. प्रेषितांच्या कृत्यांच्या अठराव्या अध्यायात करिंथ शहरी संत पौलाला आसरा कोणी दिला? रोममधून हुसकावून लावलेल्या अक्विला आणि प्रिस्किल्ला या नवराबायकोने. ती दोघे तंबू शिवून पोट भरत होती. विद्वान अपुल्लोसाला घरी नेऊन त्याची समजूत पुरी करून दिली ती याच दोघांनी. ख्रिस्तसभेच्या पहिल्या पिढीत मिशनचे घर हे संसाराचे घर होते. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने मिशनकार्याचा आदेश काढून हे कार्य साऱ्या देवप्रजेचे असल्याचे पुन्हा स्पष्ट केले. साठ वर्षे उलटली, तरी मिशन रविवारच्या पाकिटात नोट घातली की आपले मिशन संपले, असे आपण मानतो.

आणि दूर करिंथला तरी कशाला जायचे? डहाणूचाच इतिहास पाहू. १८९४ साली विल्बर व मेरी स्टोव्हर हे अमेरिकन दाम्पत्य भारतात आले आणि बलसाडला, म्हणजे आजच्या वलसाडला, त्यांनी ठाण मांडले. चर्च ऑफ द ब्रदरन या लहानशा प्रॉटेस्टंट पंथाची ही माणसे. त्यांचे काम पुढे डहाणूपर्यंत आले. ॲडम आणि ॲलिस एबी हे दाम्पत्य तेथे राहिले, मिशनचे रुग्णालय उभे राहिले, आणि डॉ. बार्बरा निकी या बाईंनी तेथे रुग्णसेवा केली. १९७० साली या पंथाची भारतातील शाखा चर्च ऑफ नॉर्थ इंडियात विलीन झाली. त्या काळच्या मिशनऱ्यांच्या साऱ्याच कल्पना आज आम्हांला मान्य नाहीत. इथल्या माणसाच्या श्रद्धांकडे त्यांनी अनेकदा वरून पाहिले. परंतु बोटीचा प्रवास करून आलेली ती जोडपी आधी इथली भाषा शिकली, हिवतापाच्या मुलखात राहिली आणि कित्येक नाताळ त्यांनी मायदेशापासून दूर काढले. ती नाताळची सुट्टी घालवायला आली नव्हती.

दुसरे दाम्पत्य तर ख्रिस्ताचे नाव न घेणारे होते. शामराव आणि गोदावरी परुळेकर हे कम्युनिस्ट. ख्रिस्तसभेची आणि त्यांच्या पक्षाची वाट एक नव्हती, हे आम्ही जाणतो. तरीही सत्य सांगितलेच पाहिजे. लग्नासाठी सावकाराचे कर्ज काढणारा वारली नवऱ्या मुलीसह त्या सावकाराचा ‘लग्नगडी’ होई आणि दोघेही जन्मभर राबत. ती प्रथा मोडण्याचा निर्धार १९४५ च्या मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावच्या सभेत झाला. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड व त्याचे साथी प्राणास मुकले. शामराव १९६५ साली तुरुंगातच वारले. गोदावरीबाईंनी वारल्यांमध्ये काढलेल्या दिवसांची हकिगत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली आणि १९९६ साली मृत्यू येईपर्यंत या माणसांशी नाते ठेवले. त्यांनी पाड्यावर ब्लँकेटे वाटल्याचे कोणी सांगत नाही. त्या झोपडीत मुक्काम करत, ताटात पडेल ते खात आणि ऐकत, एवढे मात्र सारे सांगतात. ही कसोटी आपल्या नाताळच्या बसला लावली तर आपण कुठे बसतो?

आता आपल्या बसचे वर्णन करू. सकाळी मिस्सा झाल्यावर बस निघते. वाटेत न्याहारी, गाणी. अकराच्या सुमारास पाड्यावर पोहोचतो. लोकांना आधीच रांगेत बसवलेले असते. केक, कपडे, ब्लँकेट यांचे वाटप होते. प्रत्येक ब्लँकेटामागे एक छायाचित्र. मग आम्ही दोन शब्द बोलतो. ते कोणाला कळतात, कोण जाणे. दुपारी बोर्डीच्या किनाऱ्यावर जेवण, येताना घोलवडचे चिकू, आणि संध्याकाळी घरी. या साऱ्यात एकाही वारली माणसाचे नाव आपल्याला कळत नाही. हिला सेवा म्हणणे आम्हांला यापुढे जमणार नाही. ही सहल आहे, आणि तिचे भाडे गरिबाच्या संकोचाने चुकते केले जाते.

त्याहूनही बोचरी गोष्ट पुढे आहे. भातकापणी आटोपली, दिवाळी झाली, की या भागातील असंख्य कुटुंबे पोटासाठी बाहेर पडतात. ती जातात वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर. भिवंडीला, मुंबईला आणि आपल्या वसईला. म्हणजे नाताळात आपण ज्या पाड्यावर भेटी घेऊन जातो, तिथली धडधाकट माणसे त्या वेळी आपल्याच तालुक्यात विटा थापत असतात. आपण ऐंशी-नव्वद किलोमीटर जाऊन ज्यांच्या म्हाताऱ्यांना ब्लँकेट देतो, त्यांच्याच लेकरांच्या अंगावर आपल्या गावच्या भट्टीची राख उडत असते. नव्या बंगल्याच्या आशीर्वादासाठी आम्हांला बोलावले जाते, तेव्हा त्या भिंतीतील विटा कोणी भाजल्या, हे आम्ही कधी विचारले नाही. हा दोष आमचाही आहे.

आणि गरज तरी नाताळपुरती कुठे असते? नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत, विशेषतः धुंदलवाडीच्या परिसरात, भूकंपाचे धक्के बसू लागले. तो हिवाळा लोकांनी घराबाहेर, उघड्यावर आणि तंबूंत काढला. अशा वेळी हवा असतो तो जवळ बसणारा माणूस. वाटप करून साडेचारला परतणाऱ्याचा तिथे काय उपयोग?

म्हणूनच मास्तर आणि बाईंचा निर्णय आम्हांला मोलाचा वाटतो. वय झाले, हा त्यांच्यावरचा आक्षेप. आम्हांला तीच त्यांची पात्रता वाटते. आईबाप भट्टीवर गेलेले मूल वसतिगृहात राहते, त्याला शिक्षक कदाचित मिळतो, आजी-आजोबा मिळत नाहीत. धर्मगुरू शिकवील, धर्मभगिनी औषध देईल. पण चाळीस वर्षे एकमेकांना सांभाळलेले जोडपे ओट्यावर बसून तांदूळ निवडताना दिसणे, हे आम्ही ब्रह्मचारी माणसे देऊ शकत नाही. २०१५ साली लुई आणि झेली मार्टिन या पतिपत्नींना एकत्रच संतपद मिळाले. मिशनकार्याची आश्रयदात्री संत तेरेजा ही त्यांचीच लेक. संसार मिशनच्या आड येतो, असे म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा. आणि आजारपणाची जबाबदारी म्हणाल, तर ती आम्ही घेतली आहे.

एक आक्षेप बाहेरून येतो आणि तो गंभीर आहे : ही सेवा म्हणजे धर्मांतराची पायरी. याला उत्तर एकच. जे करायचे ते उघड्यावर, लोकांच्या संमतीने, बदल्यात काहीही न मागता करावे. वारली समाज रिकामे भांडे नाही. त्यांचे लग्न लावते ती धवलेरी, एक स्त्री. तिच्या गाण्यांशिवाय लग्न लागत नाही. लग्नाच्या चौकात पालघट देवी लिहिली जाते. त्याच भिंतीवरची कला गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी जगभर नेली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. अशा लोकांकडे शिकवायला जाणाऱ्याने शिकायचीही तयारी ठेवावी. मास्तरांनी परतल्यावर आम्हांला सांगितले, “फादर, पहिला महिना मुलांनीच आम्हांला शिकवले. त्यांची बोली येईना, तेव्हा सगळा वर्ग आमच्यावर हसायचा.” हसू देणारा पाहुणा त्या मुलांनी बहुधा प्रथमच पाहिला असेल.

वाचकहो, १९९८ साली वसई धर्मप्रांत झाला तेव्हापासून डहाणू आणि तलासरी आपल्याच धर्मप्रांतात आहेत. २०१३ पासून विरारची लोकल डहाणू रोडपर्यंत जाते. तरीही विरार सोडले की आपल्याला परदेश लागतो. टोरांटो जवळ वाटते, तलासरी दूर. हे अंतर रेल्वेने कमी होणारे नाही.

यंदा आमच्या धर्मग्रामातून नाताळची बस निघणार नाही, हे आम्ही येथेच जाहीर करतो. तिच्या जागी आम्ही एक कोरी वही ठेवली आहे. ज्यांना किमान एक महिना राहता येईल, अशा निवृत्त जोडप्यांनी तीत नाव लिहावे. ज्यांना गुडघ्यांमुळे तेवढे जाणे शक्य नाही, त्यांनी निराश होऊ नये. आपल्या गावच्या भट्टीवर संध्याकाळी पाटी-पेन्सिल घेऊन बसणाऱ्याची गरज आहे, आणि तिथे चालत जाता येते.

वहीत आजवर एकच नाव आहे. मास्तर आणि बाई पुन्हा निघाले आहेत.