ग्राफिक्स कार्डाआधी अर्थिंग

उसाचे बिल खात्यावर जमा झाले किंवा बारावीचा निकाल बरा लागला, की आष्ट्यासारख्या गावात हल्ली घरात एक नवी मागणी पुढे येते. पूर्वी ती दुचाकीची असे, आता तिच्या जोडीला गेमिंग कॉम्प्युटर आला आहे. तोही तयार नव्हे, तर सुटे भाग आणून घरी जोडलेला. गावातच अभियांत्रिकी महाविद्यालय असल्याने जोडून देणारा एखादा मित्र सापडतोच, आणि भाग सांगली-कोल्हापुरातून किंवा ऑनलाइन येतात. घरातला वादही ठरलेला असतो. खेळण्यासाठी एवढे पैसे कशाला, असे वडील म्हणतात. अभ्यासालाही होईल, असे पोरगे म्हणते. आई दोघांकडे बघत राहते. या सगळ्यात जो प्रश्न पहिला विचारायला हवा, तो कोणीच विचारत नाही. हे यंत्र भिंतीतल्या ज्या बोर्डात लागणार आहे, त्या बोर्डाला खरोखर अर्थिंग आहे का?

ज्यांच्या घरी लोखंडी कॅबिनेटचा कॉम्प्युटर आहे, त्यांतल्या अनेकांना एक अनुभव ओळखीचा असेल. अनवाणी पायाने फरशीवर उभे राहून कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला, की बोटांना झिणझिण्या येतात. ‘थोडा करंट येतोय, चालतंय’ म्हणून लोक तो सोडून देतात. कोणी पायाखाली पाट घेतो, कोणी चप्पल घालून बसतो. या झिणझिण्यांचे कारण अगदी सरळ आहे. कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यात, विजेतला गोंगाट गाळण्यासाठी दोन छोटे कपॅसिटर बसवलेले असतात. एक फेजपासून पत्र्याकडे जातो, दुसरा न्यूट्रलपासून पत्र्याकडे. पत्र्यात येणारा हा किरकोळ प्रवाह तिसऱ्या पिनेतून जमिनीत निघून जावा, अशी योजना असते. तिसऱ्या पिनेच्या मागे काहीच नसेल, तर पत्रा २३० व्होल्टच्या साधारण निम्म्या दाबावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास लोंबकळत राहतो. हात लावला की तो प्रवाह अंगातून जमिनीत जातो. तो एक मिलिअँपिअरपेक्षाही कमी असतो, म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात.

एवढ्याने माणूस मरत नाही, हे खरे. पण झिणझिण्या आल्या म्हणजे या घरात अर्थिंग नाही, असा निरोप यंत्राने दिलेला असतो. उद्या एखादी वायर सोलली, उंदराने कुरतडली किंवा एसएमपीएसमध्ये पाल शिरून फेज पत्र्याला चिकटला, तर अर्थिंग असलेल्या घरात मोठा प्रवाह जमिनीत जाऊन फ्यूज किंवा एमसीबी पडेल. अर्थिंग नसलेल्या घरात काहीच पडणार नाही. पत्रा २३० व्होल्टवर निवांत उभा राहील आणि पहिला हात लावणाऱ्याची वाट पाहील. बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असेल तर तो अशा वेळी क्षणार्धात वीज तोडतो. किती घरांत तो बसवलेला आहे, हे प्रत्येकाने आपापल्या मीटरशेजारी जाऊन पाहावे.

नवल याचे वाटते, की हीच माणसे शेतावरच्या मोटरच्या बाबतीत एवढी बेफिकीर नसतात. स्टार्टर, फ्यूज, मोटरच्या बॉडीला अर्थची तार, हे वाळवा तालुक्यातल्या शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. विहिरीवर ओल्या पायाने काय होऊ शकते, हे त्याने पाहिलेले किंवा ऐकलेले असते. घरात मात्र तिसरी पिन मोडून दोन पिनांच्या सॉकेटमध्ये प्लग कोंबला जातो. त्याहून वाईट म्हणजे बोर्डातच अर्थची पिन न्यूट्रलला जोडून ‘अर्थिंग झाले’ म्हणून सांगणारे कारागीरही आहेत. त्याने झिणझिण्या थांबतात, म्हणून घरमालक खूश होतो. पण खांबावरून येणारी न्यूट्रलची तार कधी तुटली किंवा सैल झाली, तर तोच जोड घरातल्या प्रत्येक पत्र्यावर पूर्ण दाब आणून ठेवतो. ही युक्ती जिथे केली असेल तिथे ती आजच काढून टाकायला हवी.

अर्थिंगनंतर विचार करायचा तो एसएमपीएसचा, आणि नेमकी इथेच काटकसर केली जाते. यादी लिहिताना सगळा जीव ग्राफिक्स कार्डात असतो. प्रोसेसर, मग रॅम, मग काचेचे, रंगीत दिव्यांचे कॅबिनेट. शेवटी दोन-तीन हजार उरले की त्यात बसेल तो एसएमपीएस. वास्तविक सगळ्या भागांना वीज पुरवणारा हा एकच डबा बिघडताना एकटा बिघडत नाही. जाता जाता मदरबोर्ड आणि कार्डही घेऊन जाऊ शकतो. रंगीत दिव्यांचे पैसे इकडे वळवले तर खेळ तसूभरही मंदावणार नाही. नामांकित कंपनीचा, कार्यक्षमतेची खूण असलेला, गरजेपेक्षा थोडा जास्त वॅटचा एसएमपीएस घेणे, हा या सगळ्या खरेदीतला सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत शहाणपणाचा खर्च आहे.

यूपीएसच्या बाबतीतही हिशेब चुकतो. दुकानात सहज मिळणारा ‘सहाशेचा’ यूपीएस हा ६०० व्हीए असतो, ६०० वॅटचा नव्हे. तो साधारण ३६० वॅट पेलतो. खेळ चालू असताना मध्यम दर्जाचा गेमिंग कॉम्प्युटर मॉनिटरसह ३०० ते ५०० वॅट ओढतो. म्हणजे वीज गेली, की ज्या क्षणासाठी यूपीएस घेतला नेमक्या त्याच क्षणी तो मान टाकणार. घरचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल, तर चांगल्या प्रतीचे काही एसएमपीएस त्यावर चालायलाच नकार देतात. यूपीएस घेताना वॅटचा आकडा विचारायचा, व्हीएचा नाही.

यंत्राने ओढलेल्या विजेचे पुढे काय होते? जवळजवळ सगळ्या विजेची उष्णता होते. शांत बसलेल्या माणसाच्या अंगातून सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर पडते. म्हणजे ४०० वॅटचा कॉम्प्युटर चालू करणे म्हणजे बंद खोलीत आणखी चार माणसे आणून बसवणे. वैशाखात पारा चाळिशीकडे सरकलेला असतो, वरती तापलेला स्लॅब असतो आणि आवाज नको म्हणून दार-खिडकी लावलेली असते. पंखा कितीही चांगला असला तरी तो खोलीतल्या हवेपेक्षा थंड हवा कुठून आणणार? खोली दहा अंशांनी तापली, की आतली चिपही जवळपास तेवढीच जास्त तापते. शंभर अंशांच्या आसपास पोहोचली की ती स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. मग खेळ अडखळतो, आणि पोरगे नव्या कार्डाचा हट्ट धरते. अशा वेळी खिडकी उघडून आणि कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ओढून पाहावे. हा उपाय फुकट आहे.

आपल्या भागात यात धुळीची भर पडते. गळीत हंगामात कारखान्यांच्या परिसरात वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसते, हे इथल्या बायकांना सांगायला नको. तीच काजळी आणि उसाच्या ट्रॅक्टरांनी उडवलेली रस्त्यावरची माती कॅबिनेटच्या पंख्यांतून आत ओढली जाते आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या पत्र्यांमध्ये गोधडीसारखी साचते. जाळी असलेले कॅबिनेट घ्यावे. हंगाम संपला की एकदा आणि दिवाळीच्या साफसफाईत एकदा, प्लग काढून, पंख्याचे पाते बोटाने धरून, ब्लोअरने आतली धूळ उडवावी. ओले फडके मात्र नको.

४०० वॅटने रोज चार तास खेळले तर महिन्याला ४८ युनिट होतात. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटनंतरचा टप्पा बराच महाग आहे. ज्या घराचा वापर आजवर नव्वदच्या आत होता, त्याचे बिल नुसत्या ४८ युनिटांच्या हिशेबापेक्षा जास्त फुगते. हे आधी माहीत असले तर नंतरचे भांडण टळते.

ज्यांच्याकडे जुना कॉम्प्युटर आहे, त्यांनी नव्याची घाई करू नये. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवला, की पाच-सात वर्षांचे यंत्रही ओळखू येत नाही. त्यानंतर रॅम वाढवावी. मात्र २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांची मेमरी चिपची भूक एवढी वाढली, की रॅमचे भाव भडकले. मायक्रॉन कंपनीने तर डिसेंबरमध्ये सामान्य ग्राहकांसाठीचा ‘क्रुशल’ हा आपला ब्रँडच गुंडाळत असल्याचे जाहीर केले. आधीची रॅम चांगली असेल तर ती टाकून देऊ नये. कार्डाचा क्रमांक शेवटचा, आणि तेही मॉनिटर पाहून घ्यावे. ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला साठच चित्रे दाखवतो, कार्डाने दोनशे तयार केली तरी.

आता आरोग्याचे. चष्म्याच्या दुकानात ‘गेमिंग करतोस? मग ब्लू-कट काच घे’ असे सर्रास सांगितले जाते. २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने आजवरच्या चाचण्यांचा आढावा घेतला. साध्या काचेच्या तुलनेत अशा काचांनी डोळ्यांचा ताण निदान थोड्या काळात तरी बहुधा कमी होत नाही, असे त्यात दिसले. डोळे चुरचुरतात ते मुख्यतः पापण्या कमी मिटल्याने आणि नजर तासन् तास एकाच अंतरावर खिळल्याने. वीस मिनिटांनी वीस सेकंद खिडकीबाहेर लांब पाहणे यापेक्षा स्वस्त आणि जास्त उपयोगी आहे. मॉनिटर हातभर अंतरावर, त्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली हवी. लग्नमंडपातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत चार तास बसणाऱ्याची पाठ पुढे दुखणारच. खेळासाठी खुर्ची हा चैनीचा खर्च नाही.

व्यसनाच्या भीतीबद्दल पालकांशी वाद घालण्यात अर्थ नाही, कारण ती भीती पोकळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे आणि ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. पण त्याची कसोटी कडक आहे. खेळावरचा ताबा सुटणे, इतर सगळ्यापेक्षा खेळ मोठा होणे, नुकसान दिसत असूनही तो न थांबणे, आणि हे सर्व साधारणपणे वर्षभर चालणे. रोज दोन तास खेळून सकाळी कॉलेजला वेळेवर जाणारा मुलगा किंवा मुलगी त्यात बसत नाही. शिवाय टेबलावरचा कॉम्प्युटर अंथरुणात नेता येत नाही, मोबाइल नेता येतो. झोपेचा विचार केला तर मधल्या घरात ठेवलेला मोठा कॉम्प्युटर उशीखालच्या फोनपेक्षा कितीतरी बरा. त्यासाठी तो मधल्या घरात मात्र ठेवला पाहिजे, माडीवरच्या बंद खोलीत नव्हे.

वेळ ठरवण्याचा धडाही जिल्ह्यातच आहे. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवण्याचा निर्णय घेतला. तो देशभर गाजला. त्यात एकट्या पोरांना बंदी नव्हती, मोठ्यांनीही आपले पडदे बंद करायचे होते. वडील रात्री अकरापर्यंत रील पाहत असतील, तर दहाला कॉम्प्युटर बंद करण्याचा त्यांचा हुकूम कोण ऐकणार?

राहिला अर्थिंग तपासण्याचा प्रश्न. चांगला वायरमन ते थोड्या वेळात करतो, आणि त्याची मजुरी ग्राफिक्स कार्डाच्या किमतीपुढे चिल्लर आहे. तपासणी उन्हाळ्यात करावी. पावसाळ्यात ओल्या काळ्या मातीत कसलेही अर्थिंग पास होते, खरी स्थिती जमिनीला भेगा पडल्या की कळते. अभियांत्रिकीची जी मुले मित्रांचे कॉम्प्युटर हौसेने जोडून देतात, त्यांनी स्क्रू ड्रायव्हरसोबत एक सवय लावून घ्यावी. कॅबिनेट उघडण्याआधी त्या घरच्या बोर्डाची तिसरी पिन वायरमनकडून तपासून मागावी, आणि ती नापास झाली तर यंत्र त्या दिवशी जोडू नये, यजमानाने चहा आधीच ठेवला असला तरी.