शेगडी आणि उघडी खिडकी

पौष लागला की ग्वाल्हेरच्या थंडीपुढे रजया अपुऱ्या पडतात आणि माळ्यावरची शेगडी खाली येते. या हिवाळ्याशी आपल्या घराण्यांची ओळख पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. तरीही बंद खोलीत शेगडी ठेवून निजलेली माणसे सकाळी उठलीच नाहीत, अशी उत्तरेकडील वार्ता दर हिवाळ्यात वाचावी लागते. म्हणून यंदा हा विषय आम्ही घेतला आहे.

धूर डोळ्यांना झोंबतो, म्हणून आपण त्याला भितो. कोळसे लाल होऊन धूर सरला की शेगडी निर्धास्तपणे आत आणतो. खरा धोका येथेच आहे. धगधगत्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतच असतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूहून दोनशेपटींपेक्षाही अधिक बळाने चिकटतो. डोके जड होणे, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणे. झोपेत तीही उमगत नाहीत. खाणींत हा वायू ओळखण्यासाठी पूर्वी कॅनरी पक्षी नेत असत. त्यांच्या जागी यंत्रे आणण्याचे ब्रिटनमध्ये १९८६ साली ठरले. घरासाठीही असे गजराचे यंत्र आता मिळते. परंतु ते उघड्या खिडकीची जागा घेऊ शकत नाही.

शेगडी अंगणात पेटवावी. खोलीत आणलीच तर खिडकी उघडी ठेवावी आणि निजण्यापूर्वी शेगडी बाहेर न्यावी. राखेखालचा निखारा विझलेला नसतो, हेही ध्यानात असावे.

तांब्याचा बंब बंद न्हाणीघरात न पेटविता पडवीत ठेवावा. पाणी भरल्यावाचून त्यात विस्तव घालू नये. जाळीवरची राख रोज झाडावी, मधल्या नळीतील काजळी वरचेवर खरवडावी आणि जळण कोरडे वापरावे. हवा कोंदली की जळण अर्धवट जळते व हाच वायू वाढतो.

सर्वांत अधिक जपावे ते बाळंतिणीच्या खोलीत. वारा लागू नये म्हणून दारे-खिडक्या लावायच्या आणि शेकासाठी खाटेखाली शेगडी ठेवायची, ही चाल काही घरांत अजून आहे. शेक द्यायचाच तर वडीलधाऱ्या बायकांपैकी कोणी जागे राहून, खिडकी उघडी ठेवून द्यावा आणि लगेच शेगडी उचलावी. कोणास गुंगी आल्यास त्यास तत्काळ मोकळ्या हवेत आणून रुग्णालयात न्यावे. तेथे प्राणवायू देतात. थंडीचा झोत एक रजई अधिक घेऊन सोसता येतो.