दहा मेला फळा कोरा का?

मे महिन्यात हातखंब्याच्या तिठ्यावर थोडा वेळ उभे राहावे, म्हणजे कोकणच्या सुटीचे चित्र डोळ्यांपुढून सरकू लागते. मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांच्या गाड्या काही क्षण मंदावतात. काही सरळ लांज्या-राजापूरकडे जातात, काही रत्नागिरीकडे वळतात. आंबा घाट उतरून कोल्हापूरकडची मंडळीही येथेच येऊन मिळतात. गाड्यांत मुले असतात, आणि मुलांच्या शाळा बंद असतात. येथे जो प्रश्न मांडायचा आहे, तो या बंद शाळांपासूनच सुरू होतो.

आपल्या बहुतेक शाळांच्या दर्शनी भागात 'दिनविशेष' लिहिलेला एक फळा असतो. जून ते एप्रिल तो रोज भरला जातो. कोणाची जयंती, कोणाची पुण्यतिथी, कोठला करार, कोठला शोध, असे सारे त्यावर एका ओळीत उभे असते. मे महिन्यात मात्र फळा कोरा राहतो. त्यामुळे ज्या तारखेशी रत्नागिरीचा संबंध विलक्षण आहे, ती १० मे ही तारीख येथल्या विद्यार्थ्याला शाळेच्या फळ्यावर कधीच भेटत नाही.

१० मे १८५७, रविवार. आदल्याच दिवशी मेरठच्या छावणीत ८५ शिपायांना सर्वांदेखत बेड्या ठोकण्यात आल्या होत्या. संध्याकाळी छावणी पेटली आणि दुसऱ्या दिवशी बंडवाले दिल्लीत पोहोचले. १० मे १९३७, सोमवार. बरोबर ८० वर्षांनी स्वातंत्र्यवीर सावरकर रत्नागिरीच्या स्थानबद्धतेतून मुक्त झाले. १९२४ च्या जानेवारीपासून त्यांना परवानगीविना जिल्ह्याची सीमा ओलांडता येत नव्हती आणि राजकारणात भाग घेण्यासही बंदी होती.

या योगायोगात काही दैवी संकेत आहे, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. पंचांग उघडले तर या दोन दिवसांच्या तिथीही जुळत नाहीत. पहिला दिवस पौर्णिमेनंतरचा, दुसरा अमावास्येच्या आसपासचा. तारीख जुळते ती केवळ इंग्रजी दिनदर्शिकेत. मुक्ततेचे कारणही निव्वळ राजकीय होते. काँग्रेसने प्रारंभी सत्ता स्वीकारण्यास नकार दिल्यामुळे मुंबई प्रांतात धनजीशा कूपर यांचे अल्पजीवी मंत्रिमंडळ आले आणि त्यातील जमनादास मेहता यांनी हा प्रश्न लावून धरला. एवढेच सांगायचे, तर हा एक मनोरंजक तपशील ठरेल आणि फळ्यावरच्या एका ओळीत मावेल.

परंतु १० मे ही तारीख स्मरणात आणण्याचे कामच मुळी ज्याने केले, त्याच्याच आयुष्यात ती पुन्हा उगवली, ही गोष्ट एका ओळीत मावणारी नाही. १९०७ साली ब्रिटिश लोक सत्तावन्नचा सुवर्णमहोत्सव आपला विजय म्हणून मिरवीत होते. त्याच लंडनमध्ये सावरकर आणि त्यांचे सहकारी यांनी हा दिवस हुतात्म्यांचा म्हणून पाळला, आणि १९०८ साली इंडिया हाऊसमध्ये तो पुन्हा साजरा केला. सत्तावन्नवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध होण्यापूर्वीच सरकारने त्यावर बंदी घातली. तरीही १९०९ साली हॉलंडमध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर छापले गेले. त्या ग्रंथात झाशीची राणी आणि तात्या टोपे यांच्याबरोबरच फैजाबादच्या मौलवी अहमदशहाचाही मुक्त गौरव आहे, हे तो न वाचताच त्यावर बोलणाऱ्या दोन्ही बाजूंच्या वीरांनी लक्षात घ्यावे.

सत्तावन्नला 'पहिले स्वातंत्र्ययुद्ध' म्हणावे की नाही, यावर विद्वानांत मतभेद आहेत. रमेशचंद्र मजुमदारांसारख्या राष्ट्रीय वृत्तीच्या इतिहासकारानेही हे वर्णन मान्य केले नाही. असा मतभेद अभ्यासातून आलेला असेल तर त्याचा आदरच केला पाहिजे. 'शिपायांचे बंड' एवढ्या दोन शब्दांत विषय गुंडाळून टाकणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी निदान वरसईच्या विष्णुभट गोडशांचा 'माझा प्रवास' तरी वाचावा. द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे गेलेला हा कोकणातला भिक्षुक त्या धामधुमीत सापडला आणि जे पाहिले ते त्याने लिहून ठेवले. चिंतामणराव वैद्यांनी ते पुस्तक प्रसिद्ध केले तेही नेमके १९०७ सालीच.

येथवर आमचा वाचक मान डोलावील, याची आम्हांस खात्री आहे. आता थोडे आपल्याच घरात पाहू.

आपल्यापैकी पुष्कळांना १० मे पाठ आहे. सकाळी तसबिरीला हार घातला जातो, भ्रमणध्वनीवरून चार ओळींचा संदेश पुढे पाठवला जातो. त्याच संदेशात १९३३ साली जर्मनीत झालेली ग्रंथांची होळी, १९४० साली चर्चिल यांना मिळालेले पंतप्रधानपद आणि १९९४ साली मंडेला यांनी घेतलेली राष्ट्राध्यक्षपदाची शपथ हेही असते, कारण या घटनाही १० मेच्याच आहेत. वाचणारा क्षणभर आश्चर्य करतो आणि पुढच्या संदेशाकडे वळतो. अशा स्मरणाने कोणाचे काय बदलते?

मेरठ आणि मुक्तता या दोन तारखांच्या मध्ये रत्नागिरीतली १३ वर्षे उभी आहेत, आणि नेमकी तीच आपण गाळतो. राजकारणाची बंदी असलेल्या या माणसाने त्या काळात स्वतःच्या समाजाशी झुंज घेतली. अस्पृश्य गणलेल्या मुलांना शाळेत इतर मुलांच्या शेजारी बसू द्यावे म्हणून खटपट केली, सहभोजने घातली, सर्व जातींना खुले असे उपाहारगृह काढले. भागोजीशेठ कीर यांच्या औदार्यातून पतितपावन मंदिर उभे राहिले आणि २२ फेब्रुवारी १९३१ रोजी ते समस्त हिंदूंना खुले झाले. हे सारे सनातन्यांच्या विरोधात घडले, आणि तो विरोध करणारे कोणी परके नव्हते. आपल्याच आळीतले, आपल्याच नात्यातले होते.

मेरठचे स्मरण सोपे आहे, कारण तेथे शत्रू परका होता. पतितपावनचे स्मरण अवघड जाते, कारण ते आपल्यालाच प्रश्न विचारते. आपल्या गावच्या देवळात पालखीचा खांदा कोणाला मिळतो? महाप्रसादाची पंगत खरोखर एक असते का? घरी लग्नाची बोलणी निघाली की पहिला प्रश्न कोणता विचारला जातो? ज्यांच्याजवळ याचे सरळ उत्तर नाही, त्यांनी १० मेला नुसता हार घालून सावरकरांचे वारस म्हणवून घेणे ही आत्मवंचना आहे. विरोधकांनी सावरकरांना अर्धेच सांगितले, अशी आपली तक्रार असते. ती रास्त आहे. पण अर्धे तर आपणही सांगत आलो आहोत.

म्हणून सुटीत कोकणात येणाऱ्या कुटुंबांना एक विनंती. येत्या १० मेला हातखंब्याच्या तिठ्यावर गाडी रत्नागिरीकडे वळवा. मुलांना पतितपावन मंदिरात न्या आणि हे मंदिर बांधावे का लागले, ते त्यांना न लाजता सांगा. आपली पूर्वीची पिढी कोठे चुकली, तेही सांगा. संध्याकाळी गावच्या पंगतीत त्यांना अशा माणसांच्या शेजारी बसवा, ज्यांच्या शेजारी आपले पणजोबा बसले नसते. शाळेचा फळा त्या दिवशी कोराच असणार आहे. त्यावर काय लिहायचे, ते आता पालकांनीच ठरवायचे आहे.