माल्कमने लिहून ठेवले, आपण काय ठेवले?

महू हे नाव इंग्रजी लष्करी शब्दांच्या आद्याक्षरांवरून पडले, असे आपल्यातली शिकलेली मंडळीही बिनदिक्कत सांगतात. ते खरे नाही. मऊ हे तिथल्या जुन्या गावाचेच नाव. त्या गावाजवळ १८१८ मध्ये छावणी वसवली ती सर जॉन माल्कमने.

हा माणूस आम्हा इंदूरकर मराठी घरांना परका नाही. स्कॉटलंडच्या शेतकरी घरातला हा मुलगा तेराव्या वर्षी कंपनीच्या मद्रास फौजेत भरती झाला. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला होळकरी फौज मोडली, त्या लढाईत तो पुढे होता. पंधरा दिवसांत, ६ जानेवारी १८१८ ला, मंदसोरचा तह झाला. होळकरांचा खानदेश गेला, रजपूत संस्थानांवरचा हक्क गेला. त्याच वर्षी जूनमध्ये दुसरा बाजीराव माल्कमच्याच स्वाधीन झाला. सालाना आठ लाखांचा तनखा माल्कमने कबूल केला, तेव्हा गव्हर्नर जनरललाही तो जास्त वाटला होता. पुढे मुंबईचा गव्हर्नर असताना त्याने महाबळेश्वरला ठाणे वसवले. तिथल्या पेठेला त्याचेच नाव पडले.

म्हणजे आपली सत्ता गेली, त्या दोन्ही कागदांवर या एकाच माणसाचा हात आहे. त्याचा गौरव करावा, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. २००३ मध्ये महूला डॉ. आंबेडकर नगर हे नाव मिळाले, ते योग्यच झाले. त्या छावणीत बाबासाहेबांचा जन्म झाला, याहून मोठी तिची ओळख कोणती?

पण एक गोष्ट मनाला लागते. माळव्याचा कारभार पाहता पाहता माल्कमने गावे, वसूल, घराणी, जाती यांची माहिती गोळा केली आणि १८२३ मध्ये मध्य हिंदुस्थानावर दोन खंडांचा ग्रंथ काढला. अहिल्याबाईंच्या कारभाराची थोरवी त्यात त्याने मोकळ्या मनाने लिहिली. आजही व्यासपीठांवर आपले वक्ते अहिल्याबाईंच्या थोरवीला दाखला देतात तो माल्कमचा. जिंकणाऱ्याने लिहिले म्हणून आपल्याला ते पटते!

आम्ही बँकेत कारकुनी करतो. आमच्याकडे व्हाउचर नसेल तर नोंद मानली जात नाही. इतिहासाचेही तसेच. आमच्या आजोबांच्या पेटीत मोडी कागदांचा गठ्ठा होता. वाटणीत घर विकले, पेटी जुन्या बाजारात गेली आणि कागद रद्दीत. कुणाला वाचताच येत नव्हते, म्हणून कुणाला वाईटही वाटले नाही. हीच कथा किती घरांची असेल, ते वाचकांनीच मनाशी मोजावे.

गणेशोत्सवाच्या मांडवाला वर्गणी देताना आपला हात आखडत नाही. त्यातलाच थोडा पैसा मंडळाने मोडीच्या वर्गासाठी काढावा. ज्यांच्या माळ्यावर जुने कागद असतील, त्यांनी ते मंडळाला निदान दाखवावेत. त्यांची यादी करावी, नकला घ्याव्यात आणि मूळ कागद घरधन्याला परत द्यावेत. आमची रद्दी गेली ती गेली. तुमची अजून माळ्यावर असेल, तर या दिवाळीच्या साफसफाईआधी एकदा पेटी उघडून बघा.