पोरांना सारांश लिहिता येत नाही, त्याची किंमत कोण मोजतं?

दहावीच्या मराठीच्या सध्याच्या कृतिपत्रिकेत उपयोजित लेखनाचा एक प्रश्न असतो. ६ गुणांचा. एकतर पत्र लिहा, नाहीतर आधी दिलेल्या अपठित उताऱ्याचा एक तृतीयांश सारांश आपल्या शब्दांत लिहा.

कुठल्याही वर्गात जाऊन विचारा, काय सोडवणार? उत्तर येईल, पत्र. सरही तेच सांगतात. पत्राला साचा आहे. तारीख, प्रति, विषय, महोदय, ईमेल, एवढं जागच्या जागी पडलं की निम्मं काम झालं. सारांशाला साचा नाही. तिथे उतारा समजावाच लागतो.

म्हणजे अभ्यासक्रमात सारांश आहे, वर्गात नाही. दहा वर्षं शाळेत काढलेलं पोरगं एकदाही मनापासून सारांश न लिहिता बाहेर पडू शकतं. आणि ही काही मराठीच्या मास्तरांपुरती गोष्ट नाही. याचा फटका आपल्या सगळ्यांना बसतो. कसा, ते सांगतो.

२०२४ चा जून-जुलै आठवा. लाडकी बहीण योजनेचा शासन निर्णय २८ जूनला निघाला. वयाची अट २१ ते ६०, पाच एकरांपेक्षा जास्त जमीन नको, अधिवास प्रमाणपत्र हवं, मुदत १५ जुलै. लगेच जुलैच्या पहिल्या आठवड्यात बदल आले. वय ६५ पर्यंत वाढलं, जमिनीची अट गेली, अधिवासाऐवजी १५ वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला चालेल असं ठरलं. पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डवाल्यांना उत्पन्नाच्या दाखल्यातून सूट मिळाली. मुदत ३१ ऑगस्टपर्यंत गेली.

त्यानंतरही आमच्या तहसीलसमोर केशरी कार्ड पिशवीत घेऊन बायका उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांगेत उभ्या होत्या. दिवसाची मजुरी बुडवून. त्यांच्यासोबत कोण होतं? बारावी झालेला मुलगा, बीए करणारी पुतणी. त्यांच्या मोबाईलमध्ये पहिला जीआरही होता आणि दुसराही. वाचता दोन्ही येत होते. पण दोन कागद शेजारी ठेवून नंतरचा कोणता, त्यात काय बदललं, काय तसंच राहिलं, आणि आपल्या आईला यातलं काय लागू होतं, हे चार ओळींत मांडता येत नव्हतं. ज्याला येत होतं तो एजंट झाला आणि फॉर्ममागे पैसे घेऊ लागला.

मित्रांनो, सारांश आणि संकलन म्हणतात ते हेच. एका कागदातलं नेमकं काढणं म्हणजे सारांश. दोन-तीन कागदांतलं जुळवून त्यातून आपलं एक उत्तर तयार करणं ही पुढची पायरी. पहिली येत नसेल तर दुसरी येणं शक्य नाही.

दरवर्षी ६ जानेवारीला पत्रकार दिन असतो. १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केलं, त्याचा दिवस. त्या निमित्ताने शाळा आम्हाला बोलावतात, शाल-नारळ देतात आणि भाषण करायला लावतात. मागे एका शाळेत भाषणाऐवजी नववीच्या मुलांना काम दिलं. आधी अर्ध्या पानाची बातमी देऊन म्हटलं, एक तृतीयांश करा. बहुतेकांनी काय केलं असेल? पहिलं वाक्य उतरवलं, मधलं एखादं, आणि शेवटचं. काहींनी तर सरळ दर तिसरं वाक्य उचललं होतं. हिशोब बरोबर, अर्थ गायब.

मग गावच्या पाण्यावरच्या दोन पेपरांतल्या बातम्या दिल्या. एकीत होतं, पाणी आठ दिवसांआड येतं. दुसरीत होतं, चार दिवसांआड. म्हटलं, दोन्ही वाचून खरी परिस्थिती पाच ओळींत लिहा. मुलांनी पहिली बातमी लिहिली, ‘तसेच’ लिहिलं आणि दुसरी चिकटवली. आठ दिवसही आणि चार दिवसही! कुणाला खटकलं नाही. एका मुलीने मात्र लिहिलं, की पहिल्या बातमीतले लोक जुन्या गावठाणातले आहेत आणि दुसरीतले नव्या वसाहतीतले, त्यामुळे दोन्ही खरं असू शकतं, पण गावठाणाला कमी पाणी का, हे कुठल्याच बातमीत नाही.

त्या पोरीने दोन बातम्यांमधून तिसरी बातमी काढली. आमच्या धंद्यात दहा-दहा वर्षं काढलेल्यांना हे सुचत नाही. तिला कुणी शिकवलं असेल असं वाटत नाही, तिचं तिला आलं. पण बाकीच्या पन्नासांचं काय? ते मुके नव्हते. फक्त असा प्रश्न त्यांना कधी कुणी विचारलाच नव्हता.

हे शिकवता येतं. मला डिप्लोमाला असताना शिकवलं गेलं. कोण, काय, कुठे, कधी, का, कसं, हे सहा प्रश्न विचारा आणि बातमीचा इंट्रो लिहा. नंतर डेस्कवर आठशे शब्दांची कॉपी दोनशेवर आणताना तेच उपयोगी पडलं. त्यात जादू काही नाही. वर्गातही करता येईल.

उतारा वाचा आणि पुस्तक मिटा. मिटायचंच, उघडं असलं की हात आपोआप उतरवायला लागतो. आता शेजारच्याला एका वाक्यात सांग, यात काय होतं. मग पुस्तक उघडून प्रत्येक परिच्छेदाला चार-पाच शब्दांचं नाव दे. उदाहरणं कोणती, मुद्दा कोणता, ते वेगळं कर. उदाहरण गळलं तर चालेल, मुद्दा गळला तर नाही. मग त्या नावांवरून लिही.

दोन उतारे असतील तर वहीवर तीन रकाने पाडायचे. दोघांत सारखं काय, वेगळं काय, आणि दोघांनीही न सांगितलेलं काय. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. आणि हे फक्त मराठीच्या तासाला कशाला? इतिहासाच्या, विज्ञानाच्या धड्यालाही हेच करता येतं.

शिक्षक मित्र म्हणतील, वर्गात साठ पोरं, वर निवडणुकीची, सर्वेक्षणाची कामं, एवढे सारांश तपासायचे कधी? बरोबर आहे तुमचं. पण दरवेळी तुम्हीच तपासायला हवं असं नाही. बाकड्यावरच्या शेजाऱ्याने तपासावं. कसोटी एकच, मूळ उतारा न वाचलेल्याला तुझं वाचून कळलं का? तुम्ही आठवड्याला पाच वह्या बघा.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. असरच्या २०२४ च्या अहवालानुसार देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांमध्ये पाचवीच्या ४४.८ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो. मग आधी वाचन, सारांश नंतर, असं वाटू शकतं. पण ‘आधी नुसतं वाच, समजायचं नंतर’ असं म्हणतच आपण इथवर आलोय. ज्याला लिहिता येत नाही त्याला गोष्ट ऐकून ती तीन वाक्यांत सांगता येते. सुरुवात तोंडी करा, दुसरीपासून करा. २०२१ च्या निपुण भारत अभियानाचं उद्दिष्टसुद्धा समजून वाचणं हेच आहे, घडाघडा वाचणं नाही.

आणि आता नवीन पळवाट आलीय. उतारा चॅटजीपीटीत टाका, सारांश तयार. वापरा, मीही वापरतो. पण त्यात एखादी अट गळली किंवा मुदत चुकली, तर ते ओळखणार कोण? ज्याने स्वतः कधी सारांश केला नाही, त्याला यंत्राने केलेला तपासता येणार नाही. काल व्हॉट्सॲपच्या फॉरवर्डवर विसंबलो, उद्या यावर विसंबू.

मागणी साधी आहे. बोर्डाने हा ‘किंवा’ काढावा. पत्रही असू द्या, पण सारांश सक्तीचा करा, आणि एकदा तरी दोन उतारे देऊन त्यांतून एक उत्तर मागा. परीक्षेत आलं की वर्गात येतं, हे आपल्याकडचं सत्य आहे.

बोर्ड बदलेपर्यंत थांबायचीही गरज नाही. या महिन्यात गावात पंचायतीची नोटीस, पीकविम्याचा कागद, शाळेचं परिपत्रक, काहीतरी येईलच. घरातल्या आठवी-नववीच्या पोराला द्या आणि म्हणा, वाच, कागद पालथा ठेव आणि आजीला कळेल असं चार वाक्यांत सांग.

काय सांगतो ते कमेंटमध्ये लिहा. शिक्षक असाल तर वर्गात करून बघा आणि पोरं कुठे अडतात तेही लिहा. वाचायला आवडेल.