उजळ रंगाची किंमत



२०२३च्या सुरुवातीला अकोल्याची एक बातमी आपल्यापैकी अनेकींनी वाचली असेल. एकाच घरातल्या आई आणि दोन मुली, तिघींच्याही मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात कारण सापडलं, ते चेहऱ्याला लावायच्या क्रीममध्ये. त्यात पारा होता. २०२०च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार तो नकळत मिसळला गेला तरी दहा लाख भागांत एका भागाहून जास्त चालत नाही. कातडीतून शिरलेलं विष थेट मूत्रपिंडापर्यंत पोचलं.

पाऱ्याची डबी आपल्याकडे नसेलही. पण स्टेरॉइडची ट्यूब? बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावं बारीक अक्षरांत छापलेली असतात. अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम २०१८ साली झाला. तरी 'गोरं व्हायचं क्रीम' म्हणून ती हातोहात फिरतात.

कातडीचा वरचा थर म्हणजे पेशींच्या विटा आणि त्यांना धरून ठेवणारा स्निग्ध गिलावा. स्टेरॉइडनं चेहरा आधी उजळतो, मग कातडी पातळ होते, गिलावा झडतो. साध्या पाण्यानंही आग होते, कातडी ताणते, पोपडे सुटतात. वऱ्हाडच्या उन्हात चेहरा लालबुंद होतो, पुटकुळ्या येतात, लव वाढते. मलम थांबवलं की आग भडकते, म्हणून बाई पुन्हा तेच लावते. या फेऱ्यातून तिला एकटीनं सुटता येत नाही.

म्हणून बरेच महिने लावलेलं स्टेरॉइड मनानं एकदम बंद करू नका. अकोल्याचं सर्वोपचार रुग्णालय किंवा अमरावतीचं इर्विन इथे ट्यूब घेऊनच जा. लिंबू, सोडा, स्क्रब, ब्लीच मात्र आजच थांबवा. कोमट पाणी, सौम्य साबण, ओलसर चेहऱ्यावर साधं व्हॅसलीन, उन्हात ओढणी. कातडी भरून यायला आठवडे, कधी महिने लागतात. बिननावाची डबी वापरली असेल आणि अंगावर सूज किंवा लघवीला फेस येत असेल, तर डबीसकट लगेच डॉक्टरांकडे जा.

हे वाचून कुणी त्या बाईलाच 'अक्कल नव्हती का?' असं विचारू नये. मुलगी बघायला आलेली मंडळी तिचा रंग पाहतात, हे ती लहानपणापासून ऐकत आलेली असते. क्रीम विकणारी पार्लरवालीही बहुधा आपल्यातलीच, पोटासाठी धडपडणारी. तिलाही त्या डबीत काय आहे, हे कुणी सांगितलेलं नसतं.

जाब विचारायचा तो माल बनवणाऱ्याला, चिठ्ठी न बघता विकणाऱ्याला आणि अन्न व औषध प्रशासनाला. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातली ट्यूब, डबी आणावी. नावं एकत्र वाचू, बिननावाच्या डब्या तपासणीसाठी लेखी अर्जासह देऊ, पोच घेऊ. आणि आपल्या घरी सून बघायला जाताना रंगाचा विषय निघाला, तर तिथेच उठून बोलू.