बिदागीविना बिऱ्हाड

संगीतशिक्षकाने व्हिसाच्या नियमांविषयी लिहावे, हे काही वाचकांना विपरीत वाटेल. परंतु ज्या बडोद्यातून दरवर्षी शिकलीसवरलेली मुले लग्नगाठ बांधून परदेशी जातात, त्या गावातल्या कुठल्याही शिक्षकाला हा विषय आता परका राहिलेला नाही. माझ्याकडे विशारदपर्यंत शिकून स्वतःचे वर्ग चालवणाऱ्या आणि महिन्याकाठी चार पैसे मिळवणाऱ्या काही मुली आज अमेरिकेत संसार करीत आहेत. तिथे त्यांना गाण्याची मनाई नाही. शिकवण्याचीही नाही. त्यांपैकी काहींना मनाई आहे ती शिकवल्याबद्दल पैसे घेण्याची!

ह्याचे कारण थोडक्यात सांगतो. तिकडे नोकरीसाठी जाणाऱ्या आपल्या बहुतेक तरुणांचा व्हिसा ‘एच-१ बी’ ह्या नावाचा असतो, आणि त्याच्या बायकोला, किंवा नोकरी बायकोची असेल तर नवऱ्याला, ‘एच-४’ मिळतो. सरकारी भाषेत एच-४ वरील माणूस म्हणजे ‘अवलंबित’. ह्या माणसाला तिथे राहता येते, शाळा-कॉलेजात शिकता येते, देवळात फुकट भजन म्हणता येते. पण नोकरी करता येत नाही, स्वतःचा धंदा काढता येत नाही आणि घरी शिकवणी घेऊन फी मागता येत नाही. २०१५ पर्यंत ह्याला जवळजवळ सुटका नव्हती. त्या वर्षीच्या २६ मेपासून एक नवा नियम लागू झाला. ज्या कामगाराचा कायम वास्तव्याचा, म्हणजे ग्रीन कार्डाचा, अर्ज मालकामार्फत एका ठराविक टप्प्यापर्यंत मंजूर झाला आहे, किंवा त्या अर्जापायी ज्याला सहा वर्षांच्या मर्यादेपुढे मुदतवाढ मिळाली आहे, त्याच्या जोडीदाराला कामाचा परवाना मागता येऊ लागला.

आता कुणी म्हणेल, मग तक्रार कसली? तक्रार अशी की हे दार सर्वांना उघडे नाही, आणि ज्यांना उघडे आहे त्यांनाही ते केव्हा बंद होईल ह्याचा भरवसा नाही. मालकाने अर्जच केला नसेल तर जोडीदाराने हातावर हात ठेवून बसावे. अर्ज मंजूर झाला तर परवान्यासाठी निराळा अर्ज, निराळी फी आणि निराळी वाट पाहणे. त्या परवान्याला मुदत असते, म्हणजे काही काळाने पुन्हा तोच पाढा. नूतनीकरणाचा अर्ज वेळेवर केला असेल तर निर्णय येईपर्यंत काही काळ जुन्याच परवान्यावर काम चालू ठेवण्याची सवलत होती. ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या अर्जांपुरती तीही काढून घेण्यात आली. म्हणजे कचेरीत कागद अडला आणि तारीख उलटली, की त्या दिवशी कामावरून उठायचे. उशीर कचेरीचा, रजा बिनपगारी अर्जदाराची!

आणि ही वाट काही महिन्या-दोन महिन्यांची नव्हे. नोकरीच्या आधारावर अमेरिका वर्षाला सुमारे १,४०,००० ग्रीन कार्डे देते. त्यांत कामगाराबरोबर त्याची बायको-मुलेही मोजली जातात, आणि कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांच्या वाट्याला साधारणतः सात टक्क्यांहून अधिक येऊ नयेत असा दंडक आहे. भारतात जन्मलेल्यांची रांग त्यामुळे दहा वर्षांहूनही लांबली आहे. दहा वर्षे म्हणजे माणसाच्या उमेदीचा सगळा ऐन काळ. ह्या काळाला ‘निर्णय प्रलंबित आहे’ एवढे दोन-तीन शब्द लावून मोकळे होणे कचेरीला सोपे असते. ज्याचे आयुष्य प्रलंबित पडते त्याला ते सोपे नसते.

माझी एक विद्यार्थिनी न्यू जर्सीत राहते. लग्नापूर्वी ती येथे सात वर्षे शिकवीत होती. तिथे गेल्यावर शेजारपाजारची मुले तिच्याकडे पेटी शिकायला येऊ लागली. फी घेता येत नव्हती. घेतली असती तर नवरा-बायकोंचा तेथला मुक्कामच धोक्यात आला असता. मंडळी कौतुकाने म्हणत, ‘किती ही सेवा!’ परंतु तिने मला फोनवर सांगितले, “सर, फुकटच्या क्लासला कुणी वेळेवर येत नाही. पोहण्याचा वर्ग असला की गाणे बुडते.” ह्या वाक्यातली बोच कलावंताच्या घरात वाढलेल्यालाच नीट कळेल. बिदागी ही केवळ पोटासाठी नसते. ऐकणाऱ्याने आणि शिकणाऱ्याने तुमच्या मेहनतीला दिलेली ती मान्यता असते. सेवा हा शब्द मोठा आहे. पण सेवा करायची की काम करायचे हे जिचे तिने ठरवले तरच तो शोभतो. कायद्याने लादलेल्या सेवेला आपल्या भाषेत वेठ म्हणतात.

हीच गोष्ट दंतवैद्याची, अभियंत्याची, हिशेबनिसाची. विद्या ही वापरातली वस्तू आहे. तंबोरा खोलीत गवसणी घालून ठेवला म्हणजे सुरक्षित राहतो असे नाही. जवारी पुन्हा काढून घ्यावी लागते. पाच वर्षे घरी बसलेल्या माणसाला पुढे परवाना मिळाला तरी मालक पहिला प्रश्न विचारतो तो त्या पाच वर्षांचा. शिवाय जिच्या नावावर पैसा नाही, जिचा मुक्काम नवऱ्याच्या व्हिसावर आणि नवऱ्याचा व्हिसा मालकाच्या मर्जीवर, तिने घरात काही अप्रिय घडले तर जायचे कुठे? आणि नवरा एच-४ वर असला तर त्याची कुचंबणा निराळी. माझा एक तबलजी विद्यार्थी पत्नीच्या नोकरीमुळे तिकडे गेला. ‘तू काय करतोस?’ ह्या प्रश्नाला भिऊन तो बैठकींना जाईनासा झाला.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. २०१५ च्या नियमाविरुद्ध ‘सेव्ह जॉब्स यूएसए’ ह्या संघटनेने दावा लावला. कॅलिफोर्नियातील एका वीज कंपनीत आपल्या जागी परदेशी कामगार आणून बसवले, अशी ज्यांची तक्रार होती ते लोक त्या संघटनेत होते. चाळिशी-पन्नाशीत ज्याची नोकरी जाते त्याच्या दुःखाला मी तरी हसणार नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये अपील न्यायालयाने नियम उचलून धरला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्यास नकार दिला. तरी त्या लोकांचा मूळ प्रश्न न्यायालयाबाहेर उरतोच. परंतु त्याचा इलाज मालकाने कामगार कसे आणावेत, त्यांना किती वेतन द्यावे ह्या नियमांत शोधायला हवा. आलेल्या माणसाच्या जोडीदाराला घरी बसवून गेलेली नोकरी परत कशी येणार?

आणि ही बंदी तत्त्वाने आवश्यक आहे असेही नाही. त्याच अमेरिकेत कंपनीने बदली करून आणलेल्या अधिकाऱ्याच्या जोडीदाराला ‘एल-२’ व्हिसा मिळतो. नोव्हेंबर २०२१ पासून त्या जोडीदाराला त्या व्हिसासरशीच कामाचा हक्क आहे. वेगळ्या परवान्याची अट नाही. एकाच इमारतीत वरच्या मजल्यावरची गृहिणी उद्यापासून नोकरी धरू शकते आणि खालच्या मजल्यावरची वर्षानुवर्षे थांबते, ह्यात तत्त्व कुठले? जर्मनीत तर कुटुंबाबरोबर राहण्याच्या परवान्यातच काम करण्याचा हक्क अंतर्भूत आहे.

मी दरबारी गवयाचा मुलगा. वडिलांच्या उतारवयात माझा जन्म झाला, तेव्हा संस्थान विलीन होऊन तीस वर्षे होत आली होती; त्यामुळे राजेशाहीचे गोडवे गाण्याचे मला कारण नाही. परंतु ह्या शहराचा एक धडा सांगण्याजोगा आहे. १८८० मध्ये सयाजीराव महाराजांचा विवाह तंजावरच्या राजकन्येशी झाला. तिच्याबरोबर तिकडच्या नर्तकी आणि साथीदारही येथे आले. माणसे आंदण म्हणून पाठवण्याची ती रीत आज कुणाला रुचणार नाही. तरी ती माणसे येथे नुसती बसून राहिली नाहीत. दरबारच्या कलावंत खात्यात पगारावर त्यांची नोंद झाली आणि तंजावरचे नृत्य बडोद्यात नांदले. आग्र्याकडून आलेले उस्ताद फैयाज खाँ १९५० साली वारले ते बडोद्याचे म्हणूनच. बाहेरून आलेल्या गुणाला काम दिले तर तो गुण गावाचा होतो, एवढाच ह्याचा मथितार्थ.

दुसऱ्याला शिकवताना आपलेही अंगण पाहावे. भारतीयाशी लग्न केलेल्या परदेशी व्यक्तीला ओसीआय कार्ड मागण्यापूर्वी नोंदलेल्या विवाहाला दोन वर्षे पुरी व्हावी लागतात, आणि नागरिकत्वाच्या अर्जासाठी सात वर्षांचे वास्तव्य लागते. ओसीआय मिळाल्यावर बहुतेक कामे करता येतात. तोवर मात्र तिचा प्रवेश-व्हिसा हा नोकरीचा परवाना ठरत नाही. परदेशी सुनेला आपण मंगलाष्टके म्हणून घरात घेतो. तिच्या हाताला काम देण्याची तत्परता आपल्या कायद्यानेही दाखवावी.

माझे म्हणणे एवढेच. राहू द्यायचे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार प्रत्येक देशाला आहे आणि त्यासाठी वेळ घेण्याचाही आहे. परंतु तो वेळ कचेरीचा आहे. त्याची किंमत थांबलेल्या माणसाकडून वसूल करू नये. ज्याला कायदेशीर राहू दिले, त्याला निर्णय होईपर्यंत कमवूही द्यावे, आणि नूतनीकरण अडले म्हणून चालू काम बंद पाडू नये.

हे नियम बदलणे आपल्या हाती नाही. आपल्या हाती असलेली एक गोष्ट मात्र आईबापांनी जरूर करावी. स्थळ परदेशातले असले म्हणजे पगार, घर आणि छत्तीस गुण सारे विचारतो. त्याच बैठकीत व्हिसा कुठला, मालकाने ग्रीन कार्डाचा अर्ज केला आहे काय, आणि आमच्या मुलीला किंवा मुलाला तिथे काम केव्हा करता येईल, हेही स्पष्ट विचारावे. त्यात संकोच कसला? विद्या आपणच दिली आहे. ती कुठे वापरता येईल, हे विचारण्याचाही आपल्याला अधिकार आहे.